सीमाभागात टीव्हीची बातमीदारी : नव्याने माइक धरणाऱ्यांसाठी

माइक हातात घेण्याआधी कन्नड वाचायला शिका. बोलणं मागाहून येईल, आधी वाचणं. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी चॅनेलसाठी काम करायला आलेल्या प्रत्येक मुला-मुलीला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. काहींच्या ते मनाला लागतं. ‘आपण मराठी चॅनेलची माणसं, आपल्याला कन्नड कशाला?’ असं विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा सीमालढ्याच्या आठवणी असतात, कुणाचे आजोबा तुरुंगात जाऊन आलेले असतात. त्याचा राग मला कळतो. पण एफआयआर कन्नडमध्ये लिहिलेला असतो, डीसी, म्हणजे कलेक्टर, ऑफिसचा आदेश कन्नडमध्ये निघतो, पोलिसांची प्रेसनोट रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर कन्नडमध्येच येते. ज्याला तो कागद स्वतः वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या तोंडची बातमी देतो, आणि आपल्या भागात ऐकीव बातमी फार महागात पडते.

१. कागद वाचता यायला हवा

लिपी तीन आठवड्यांत येते. रोज सकाळी अर्धा तास बसस्टँडवर उभं राहा आणि बसच्या पाट्या वाचा. गावांची नावं तुम्हाला माहीत असतातच, त्यामुळे अक्षर आपोआप जुळत जातं. मग दुकानांचे फलक, मग कन्नड पेपरचे मथळे. त्यानंतर बातमीदाराच्या कामाचे शंभर-दीडशे शब्द वहीत उतरवून घ्या. ‘पत्रिका प्रकटणे’ म्हणजे प्रेसनोट, ‘दूरु’ म्हणजे तक्रार, ‘सावु’ म्हणजे मृत्यू, ‘गायाळु’ म्हणजे जखमी, ‘निषेधाज्ञे’ म्हणजे जमावबंदी. पावसाळ्यात ‘ओळहरिवु’ आणि ‘होरहरिवु’ हे दोन शब्द रोज लागतात, धरणात येणारं पाणी आणि धरणातून सोडलेलं पाणी.

सगळ्यात जपून राहायचं ते दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून. ‘अनुमान’ मराठीत अंदाज, तर्क. कन्नडात तोच शब्द संशयासाठी वापरतात, म्हणून ‘अनुमानास्पद सावु’ म्हणजे संशयास्पद मृत्यू. मी नवा असताना एका तरुण सुनेच्या मृत्यूची बातमी फोनवर कुणीतरी वाचून दाखवली आणि मी ‘पोलिसांचा प्राथमिक अंदाज’ अशा शब्दांत ती देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरची माणसं ऑफिसात आली. त्यांनी तक्रारीत सासरच्यांवर स्पष्ट संशय घेतला होता आणि माझ्या बातमीत तो संशय कुठेच नव्हता. तिच्या भावाने एफआयआरची झेरॉक्स माझ्यासमोर टेबलावर ठेवली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘वाचा.’ मला ती ओळ वाचता आली नाही. त्याच संध्याकाळी मी पाटी-पुस्तक घेऊन बसलो.

बोलायचं कन्नड गल्लीतल्या माणसांकडून, चहाच्या टपरीवर शिका. ‘एनात्री?’ म्हणजे काय झालं, ‘हेसर एनरी?’ म्हणजे नाव काय, ‘याव ऊर?’ म्हणजे गाव कोणतं, ‘एष्टु मंदी?’ म्हणजे किती माणसं. शेवटी ‘री’ लावायला विसरू नका. आपल्याकडे ‘अहो’ म्हटल्याने जे होतं, ते उत्तर कर्नाटकात त्या ‘री’ने होतं. ठाण्यातला हवालदार मान वर करून बघतो.

२. कुणाच्या हद्दीत काय, हे पाठ करा

महाराष्ट्रातून आलेला बातमीदार इथे पहिल्याच आठवड्यात अडखळतो, कारण खात्यांची नावं आणि पदं वेगळी आहेत. कलेक्टरला इथे डीसी म्हणतात. वीज महावितरणची नाही, हेस्कॉमची. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ भेटतो. सातबारा मागितलात तर लोकांना कळतं, पण मिळतो तो आरटीसी, ज्याला शेतकरी ‘पहाणी’ही म्हणतात. पोलिसांचंही तसंच. २०१४ पासून बेळगाव शहर आणि लगतचा पट्टा पोलिस कमिशनरकडे आहे, आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक हा बाकीचा जिल्हा एसपींकडे. खानापूरच्या खुनाबद्दल कमिशनर ऑफिसला फोन केलात तर अर्धा तास फुकट जातो आणि समोरच्याला कळतं की हा नवीन आहे. ठाण्यातल्या पीआय-सीपीआय या इन्स्पेक्टरांपासून सिव्हिलच्या, म्हणजे बिम्सच्या, शवागारात काम करणाऱ्या माणसापर्यंत प्रत्येकाची ओळख प्रत्यक्ष जाऊन करा. नंबर ग्रुपवरूनही मिळतो. पण रात्री दोनला फोन उचलला जातो तो ओळखीवर.

३. सकाळचे फोन आणि दोन पेपर

साडेसहाला उठून चार फोन करायचे: पोलिस कंट्रोल रूम, अग्निशामक दल, सिव्हिल, आणि तुमच्या तालुक्यातला एक भरवशाचा माणूस. हा चौथा माणूस दूधवाला असो, रिक्षावाले मामा असोत नाहीतर एपीएमसीतला हमाल असो, पहाटे जागा असणारा हवा. त्यानंतर एक मराठी आणि एक कन्नड पेपर समोरासमोर ठेवून वाचा. एकच घटना दोन्हीकडे कशी आली आहे ते बघा. आकडा वेगळा असेल, गावाचं नाव वेगळं असेल, आंदोलकांची मागणी एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल. जिथे फरक पडला, तिथे तुमची त्या दिवशीची बातमी असते.

वर्षाचं वेळापत्रकही डोक्यात पक्कं असू द्या. जून ते सप्टेंबर पाऊस, पूर, शाळा उघडल्यावर मराठी शाळांत शिक्षक नसल्याच्या तक्रारी. मग गणपती, इथली विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस उजाडेपर्यंत चालते, तेव्हा बॅटऱ्या दुप्पट घ्या. १ नोव्हेंबर, राज्योत्सव आणि काळा दिन. लगेच उसाचा हंगाम आणि दराचं आंदोलन. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा. १७ जानेवारी, हुतात्म्यांना अभिवादन. मार्चपासून पाण्याची ओरड, राकसकोप आणि हिडकलची पातळी. आणि बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते, तिचे चित्ररथ पाहायला आजूबाजूची गावं रस्त्यावर येतात. पुण्या-मुंबईच्या डेस्कला, म्हणजे चॅनेलच्या ऑफिसात बातम्या लावणाऱ्यांना, १९ फेब्रुवारी एवढीच माहीत असते, म्हणून ही तारीख तुम्हीच आधी कळवून ठेवा.

४. पिशवीत काय असावं

आता बरेच जण मोबाइलवरच शूट करतात आणि त्यात काही वाईट नाही, आवाज स्वच्छ आला म्हणजे झालं. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात, आवाज फाटला की चॅनेल बदलतात. म्हणून पैसा आधी माइकवर घाला. हातात धरायचा बूमचा माइक, कॉलरचा माइक, वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपी, दोन मेमरी कार्डं, पॉवर बँक, छोटा ट्रायपॉड, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं. आपल्या पावसासाठी जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा, लेन्सवरची वाफ पुसायला. टॉवेल चालत नाही, त्याचे धागे काचेला चिकटतात.

जांबोटी-कणकुंबीकडे निघालात तर रेंज जाणार हे धरूनच चला. शूटिंग झाल्यावर फुटेज हातात धरून रेंज शोधत बसण्यापेक्षा, जातानाच रस्त्यात रेंज कुठे कुठे आहे ते बघत जा आणि परतताना त्या जागी गाडी थांबवून पाठवा. ड्रोन असेल तर कॅम्प भाग आणि सांबऱ्याच्या विमानतळाजवळ तो परवानगीशिवाय पिशवीतून बाहेरसुद्धा काढू नका.

५. पाण्याच्या काठावर : शूटिंग कसं करायचं

पुराचंच उदाहरण घेतो, कारण आपल्या भागातला बातमीदार घडतो तो पुरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बेंगळूरु महामार्गावर वेदगंगेचं पाणी आलं आणि वाहतूक थांबली. त्याच्या कितीतरी आधी लहान बंधारे-पूल पाण्याखाली जातात: जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर. ही जोडनावं तोंडपाठ करा. त्या पुलांवरूनच शाळा, दवाखाना, साखर कारखाना गाठायचा असतो, त्यामुळे तिथल्या लोकांसाठी ‘पूल गेला’ हीच पहिल्या नंबरची बातमी असते.

पोचलात की आधी कॅमेरा चालू करू नका. दोन मिनिटं उभं राहून बघा. पाणी कुठून कुठे चाललंय, माणसं कुठे उभी आहेत, तुमच्या पायाखालची जमीन कशी आहे. मग पाण्यात न जाणारी एखादी खूण शोधा: पुलाचा कठडा, देवळाची पायरी, विजेचा खांब. ट्रायपॉड एका जागी रोवा आणि ती खूण चौकटीत घेऊन तीस सेकंद हलवू नका. दोन तासांनी त्याच जागी, त्याच उंचीवर परत तीस सेकंद. ‘पाण्याची पातळी झपाट्याने वाढत आहे’ हे वाक्य प्रत्येक चॅनेलवर असतं. सकाळी आठला वरून चौथी पायरी आणि दहाला दुसरी, ही दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली की गावातला माणूस स्वतः ठरवतो की जनावरं आत्ता सोडायची की संध्याकाळी.

बाकीचे शॉट साधे: एक लांबून, एक मधून, दोन-तीन अगदी जवळून, प्रत्येकी किमान दहा सेकंद. जवळचे शॉट विसरू नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांवर ठेवलेली देवाची तसबीर, गोणपाटाखाली झाकलेलं बियाणं, म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडवणारे हात. आणि एक मिनिटभर काहीही न बोलता नुसता तिथला आवाज घ्या.

आकडा मात्र काठावरच्या माणसाला विचारू नका. राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत किती, दूधगंगेतून किती, कल्लोळला एकूण किती क्युसेक, हे जिल्हा प्रशासनाकडून वेळेसकट घ्या. ‘सकाळी आठ वाजताचा आकडा’ असं बातमीत म्हणा. कोयनेची साठवण १०५ टीएमसी आणि अलमट्टीची १२३, हे दोन्ही आकडे माहीत असले की वरून कोयनेचं येणारं पाणी आणि खाली अलमट्टीमुळे मागे चढणारी फूग यांचा वाद समजायला लागतो. कोयनेतून विसर्ग वाढला म्हणजे ते पाणी लगेच तुमच्या पुलावर आलं असं होत नाही. दुपारी विसर्ग वाढल्याची बातमी आणि संध्याकाळची घबराट यांच्यामध्ये तुमचं एक नीट वाक्य असायला हवं.

पाण्यात उभं राहून पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, करू नका. गुडघाभर पाण्यातला बातमीदार बघून गावातली पोरं त्याच पाण्यात उतरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

६. बाइट घेणं, आणि ‘खरं’ या शब्दाची गोष्ट

बाइट, म्हणजे माणसाचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, सुरू करताना त्याला स्वतःचं नाव, आडनाव आणि गाव कॅमेऱ्यात सांगायला लावा. नंतर नाव चुकण्याची धास्ती राहत नाही. मराठी आडनावाचा माणूस कन्नड बोलणारा असू शकतो आणि कन्नड आडनावाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी चालत असते, म्हणून आडनावावरून भाषा गृहीत धरू नका. विचारा, ‘कुठल्या भाषेत बोलताय, काका?’ वयस्कर बाईला काकू, मावशी, अक्का, जे त्या घरात म्हणत असतील ते म्हणा. प्रश्न एकच आणि लहान. उत्तर संपलं असं वाटल्यावर तीन सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट बहुधा त्या तीन सेकंदांनंतर येते.

आता ती गोष्ट. शहरातल्या एका गल्लीत नळाला गढूळ पाणी येत होतं. एक काकू माझ्यासमोर स्टीलचा तांब्या घेऊन आल्या, दारातल्या उजेडात तो तिरका केला आणि तळाचा गाळ दाखवत म्हणाल्या, ‘पाणी येतंय खरं पिवळं येतंय की गा. रात्रभर धरून ठेवलं की खाली माती बसतेय. लेकरांना कसं द्यायचं?’ बेळगावात वाढलेल्या कुणालाही कळेल, इथे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. मी बाइट पाठवली. ज्या चॅनेलला मी तेव्हा बातम्या देत होतो त्यांच्या डेस्कवरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. त्याने ‘पाणी येतंय खरं’ इथे कापलं. संध्याकाळच्या बातमीत काकू पाणी येत असल्याचं खात्रीने सांगताना दिसल्या आणि लगेच पुढे अधिकाऱ्याची ‘पुरवठा सुरळीत आहे’ अशी बाइट लागली.

दुसऱ्या दिवशी भाजी घेताना गणपत गल्लीत त्या भेटल्या. रागावल्या नाहीत. ‘मी असं म्हटलं नव्हतं की रे,’ एवढंच म्हणाल्या. मी तिथेच त्यांची माफी मागितली, घरी जाऊन पूर्ण बाइट परत घेतली आणि डेस्कला फोन करून ती जशीच्या तशी लावायला लावली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ असते: ‘या भागात खरं म्हणजे पण. बाइट मध्ये कापू नये.’ तुम्हीही तशी ओळ लिहा आणि इथल्या बोलीतले असे शब्द डेस्कला एकदाच, नीट यादी करून द्या. माणसाचं बोलणं प्रमाण भाषेत आणून त्याला परत बोलायला लावू नका. त्याची बोली आहे तशी राहू द्या, लागलंच तर खाली ओळ द्या.

स्क्रिप्ट मात्र तुमची. ती मोठ्याने वाचत लिहा. एका दमात म्हणता येणार नाही असं वाक्य तोडा. ‘सदर’, ‘उक्त’, ‘घटनास्थळी धाव घेतली’ असले शब्द काढले की वीस सेकंद वाचतात आणि त्यात गावाचं नाव दोनदा सांगता येतं.

७. तणावाचे दिवस

या भागाचा बातमीदार ओळखला जातो तो अशा दिवशी. इतिहास पाठ असायलाच हवा. भाषावार प्रांतरचनेची घोषणा झाल्यावर १७ जानेवारी १९५६ ला गोळीबार झाला, म्हणून त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, म्हणून त्या तारखेला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातले हुतात्मे, त्यांचं स्मारक हिंडलग्याला. १९६६ ला महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला अहवाल आला, महाराष्ट्राने तो मान्य केला नाही. ८६५ गावांवरचा हक्क सांगणारा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं. यातली एकही तारीख अँकरला सांगताना चुकली तर त्या दिवशी तुमचं बाकीचं सगळं बोलणं वाया जातं, कारण ऐकणाऱ्या घरांत ती तारीख कुणाच्या तरी मरणाशी जोडलेली असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाल्याची तक्रार झाली, आणि बघता बघता दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्येही गाड्यांवर दगडफेक होऊन असंच झालं होतं. अशा वेळी फोनवर पहिल्या तासात वीसेक व्हिडिओ येतात. एकही तसाच पुढे पाठवू नका. गाडीची नंबरप्लेट बघा, दुकानाची पाटी बघा, भिंतीवरचं पोस्टर कोणत्या निवडणुकीचं ते बघा, सावल्या बघा, रस्ता ओला आहे की कोरडा ते बघा. सकाळपासून पाऊस लागलेला असताना व्हिडिओत कडक ऊन असेल तर तो आजचा नाही. ज्याने पाठवला त्याला विचारा, ‘तू स्वतः काढलास का?’ नाही म्हणाला की तिथेच थांबा.

लाइव्हला अँकर विचारणार, ‘वातावरण किती तापलंय?’ उत्तर डोळ्यांपुढचं द्या. ‘मी चन्नम्मा सर्कलला उभा आहे. दुकानं उघडी आहेत. सिटी बस चालू आहेत. दगडफेकीची तक्रार हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळची आहे, ते ठिकाण शहराबाहेर धारवाडच्या बाजूला आहे. तिथे मी अजून पोचलेलो नाही.’ मुंबईतून बघणाऱ्याला बेळगाव आणि निपाणी एकच वाटतं. दोन्हींमध्ये सत्तरहून जास्त किलोमीटर आहेत, आणि एका नाक्यावरच्या भांडणाने शंभर गावांतल्या आया पोरांना शाळेत पाठवत नाहीत. अँकरने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर पुन्हा तेच उत्तर द्या, आवाज न चढवता.

आणि लोकांच्या उपयोगाची बातमी द्या. बस आज कुठपर्यंत जातेय, निपाणीपर्यंत, कोगनोळी नाक्यापर्यंत की कागलपर्यंत? पुढे वडाप, म्हणजे शेअर गाडी, मिळतंय का? कोल्हापूरला डायलिसिसला जाणाऱ्याने काय करायचं? घोषणांचे व्हिडिओ सगळ्यांकडे असतात, हे कुणाकडेच नसतं.

उभं राहायची जागा: पाठीला भिंत, बाजूला मोकळी गल्ली, गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला. पोलिस आणि जमाव यांच्या मधे कधीच नाही. आंदोलकांच्या मंचावरून शूट करू नका, कुणाचा शेला, टोपी, पट्टी घालू नका. तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, माझ्याही मनात तेच असेल. पण बूम हातात असताना दोन्ही बाजूंच्या बाइट घ्यायच्या आणि दोन्ही पूर्ण लावायच्या. जमावबंदीचं कलम आता नव्या संहितेत १६३ आहे, लोक अजून १४४ म्हणतात. आदेशाची प्रत मागून घ्या, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत आणि कोणत्या हद्दीत ते वाचा, तेवढंच सांगा.

अपघात, चोरी, साधी मारामारी यात माणसांची भाषा किंवा जात सांगायची गरज नसते. तक्रारीतच वादाचं कारण भाषा म्हणून लिहिलं असेल तरच, आणि तेही ‘तक्रारीत म्हटलं आहे’ असं म्हणून.

८. काय दाखवायचं नाही

अत्याचार झालेल्या बाईचं नाव, चेहरा, घर, गल्ली काहीही नाही; न्याय संहितेचं कलम ७२ त्यासाठी आहे. लहान मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३. शाळेचा गणवेश आणि शेजाऱ्याची बाइटसुद्धा ओळख पटवते, विशेषतः आपल्याकडे, जिथे गल्लीचं नाव म्हणजे जवळजवळ घराचा पत्ता. मृतदेहाचा चेहरा नाही. आत्महत्येची पद्धत नाही. मयताच्या घरी गेलात तर चप्पल बाहेर, कॅमेरा पिशवीत, आणि घरच्या मोठ्या माणसाने हो म्हटल्यावरच बाहेर काढायचा. नाही म्हणाले तर हात जोडून निघा.

९. पैशाचं आधी बोला

हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. तालुक्यातला बातमीदार बहुतेक वेळा स्ट्रिंगर असतो, म्हणजे लागलेल्या बातमीमागे पैसे. न लागलेल्या बातमीचं पेट्रोल तुमचं. सुरुवातीलाच दर, पैसे किती तारखेला, लांबच्या कामाचा प्रवासखर्च कोण देणार, हे ईमेलवर लिहून घ्या. वही ठेवा: तारीख, बातमी, पाठवल्याची वेळ, लागल्याची वेळ. पैसे अडकल्यावर हीच वही उपयोगी पडते. दिवाळीला जाहिराती आणायला सांगतील. आणायच्या की नाही हे घर बघून ठरवा, पण ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्या विरोधातली बातमी आली तर ती दुसऱ्या बातमीदाराकडे द्या आणि तसं डेस्कला सांगा. पत्रकार परिषदेतलं पाकीट घेऊ नका. जेवण जेवा, पाकीट टेबलावर ठेवून या. घरखर्चासाठी बरोबर दुसरं काम करण्यात कमीपणा नाही. शिकवणी घेणारे, शेती करणारे बातमीदार माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्या बातम्यांना माती लागलेली असते, त्या चांगल्या असतात.

अधिवेशनाचा पास, माहिती खात्याचं मान्यतापत्र यांचे अर्ज मुदतीच्या कितीतरी आधी करा.

१०. परत जा

बातमी लागली की डायरीच्या मागच्या पानावर तिची तारीख लिहा आणि पुढे तीन महिने, सहा महिने असं टिपून ठेवा. पुराच्या गावाला जानेवारीत जा, जेव्हा तिथे एकही कॅमेरा नसतो. २०१९ च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घरांसाठी ५ लाख रुपये जाहीर झाले, पडझड ए, बी, सी अशा वर्गांत मोजली गेली, आणि हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे यायचे होते. अशा घरात गेल्यावर विचारायचं: पंचनाम्यात कोणता वर्ग लिहिला, किती हप्ते आले, शेवटचा कधी, जोत्यावर काम का थांबलं, कागद कुणाच्या टेबलावर आहे. कागद दाखवतील. तो कन्नडमध्ये असेल. घरच्यांना तो बऱ्याचदा वाचता येत नाही, तेव्हा ओसरीत बसून त्यांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवा, तारखा आणि सह्यांसकट. कॅमेरा तोवर बंद ठेवा. मग ज्या देवळापाशी जुलैत ट्रायपॉड लावला होता तिथे जा, तीच उंची, तीच चौकट, तीस सेकंद. पायऱ्या सगळ्या दिसत असतील. चौथीवर पाण्याची रेघ अजून असते.